घोड्याचा दाणा, कुत्र्याची भाकरी

दिवाळीच्या आधी देवघरातले टाक घासायला काढायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. चिंच आणि रांगोळी घेऊन मी आणि माझी धाकटी मुलगी मोरीच्या कडेला बसतो. खंडोबाचा टाक उजळू लागला की प्रथम घोड्याचे पाय दिसतात, मग म्हाळसेला बरोबर घेऊन बसलेला देव, आणि सर्वांत शेवटी, अगदी खालच्या काठाशी, घोड्याबरोबर धावणारा इवलासा कुत्रा. गेल्या वर्षी त्या कुत्र्यावरून अंगठा फिरवता फिरवता मुलीने विचारले, "बाबा, देव घोड्यावर बसतो, कुत्रा बरोबर नेतो. मग त्यांना खायला कोण घालतं?"

मी शाळामास्तर. मुलांच्या प्रश्नांना तोंड देण्यात माझी हयात चाललेली. तरीही या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचले नाही. "देवच घालत असेल," असे काहीतरी पुटपुटून मी टाक धुवायला घेतला. प्रश्न मात्र पाण्याबरोबर वाहून गेला नाही. आपल्या सणांकडे पाहा. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, पोळ्याला बैलाची, दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्यापुढे ठेवतात. वर्षातून एक दिवस आपण या मुक्या सोबत्यांचे पाय धरतो. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा हिशेब कोणाकडे असतो? तो हिशेब आपल्या इतिहासात कोणी मांडला, कोणी चुकवला आणि कोणी फेडला, हेच मला आज थोडेसे सांगायचे आहे.

हा हिशेब पहिल्याने चोख मांडलेला मला दिसतो तो शिवाजीमहाराजांच्या एका पत्रात. चौथीच्या वर्गाला शिवचरित्र शिकवताना मी ते पत्र दरवर्षी सांगतो. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ हलवर्णाला मराठ्यांच्या घोडदळाची छावणी पडलेली होती. पावसाळा तोंडावर आला होता. तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांनी लिहिले आहे. त्यात लढाईविषयी चकार शब्द नाही. आहे तो दाण्याचा, वैरणीचा आणि दिव्याच्या वातीचा विचार.

महाराज म्हणतात, आता साठा हाताशी आहे म्हणून दाणा-वैरण मनाला येईल तशी उधळलीत, तर भर पावसात ती संपेल. मग घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. उपाशी घोड्यासाठी तुम्ही मुलखात शिराल, कोणा कुणब्याचा दाणा आणाल, कोणाची भाकर, कोणाचे गवत, कोणाची भाजी. मग मोगल परवडला असे रयतेला वाटेल. पुढे तर ते एखाद्या घरकर्त्याप्रमाणे बारीकसारीक गोष्टींत शिरतात. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका, रात्री दिवा जळत ठेवू नका. एखादा उंदीर पेटती वात पळवील, गंजी पेटेल, आणि मग घोडी कशी वाचणार?

या पत्राची थोरवी मला पुष्कळ उशिरा कळली. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण सांगत आलो, आणि तो खराच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. घोड्याची उपासमार आणि शेतकऱ्याची लूट या दोन गोष्टी महाराजांनी एकाच साखळीच्या कड्या म्हणून पाहिल्या. जनावराची हेळसांड ही त्या जनावरापाशी थांबत नाही; ती शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते. आणि दोष कोणाचा, तर ज्याच्या हाती जनावर सोपवले त्याचा. पावसाचा नाही, दैवाचा नाही, उंदराचाही नाही.

ही नुसती पत्रातली शिकवण नव्हती. सभासदाने आपल्या बखरीत पागेची व्यवस्था नोंदवली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पाणी भरणारा आणि एक नालबंद नेमलेला असे. छावणीसाठी दाणा, वैरण आणि औषधे आधीच भरून ठेवीत, घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असत. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. घोडा त्याचा नव्हता, पण घोड्याची जबाबदारी त्याची होती. मालकी एकाची आणि जबाबदारी दुसऱ्याची असली, तरी जनावर उपाशी राहता कामा नये, हा त्या व्यवस्थेचा कणा.

कुत्र्याच्या बाबतीत एवढा चोख कारभार आपल्याकडे सापडत नाही. सापडते ती माया. साताऱ्याच्या शाहूमहाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा प्रसिद्धच आहे. शिकारीत वाघ अंगावर आला असता त्याने धन्याचे प्राण वाचवले, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, असे सांगतात. एका डामडौली सरदाराची खोड मोडण्यासाठी महाराजांनी खंड्याला जरतारी पोशाख आणि दागिने घालून दरबारात आणले, ही गोष्ट तर आजही साताऱ्याकडची माणसे हसत हसत ऐकवतात. संगम माहुलीला कुत्र्याची समाधी दाखवतात. राजाच्या कुत्र्याला पालखी मिळाली, हे छानच झाले. पण गल्लीतल्या कुत्र्याचे काय, हा प्रश्न त्या पालखीमागून तसाच चालत राहिला, आणि पुढे मुंबईच्या रस्त्यावर येऊन भुंकू लागला.

मुंबईत इंग्रजी अंमल स्थिर झाला तेव्हा मोकाट कुत्र्यांचा उपद्रव सरकारला जाणवू लागला. १८१३ साली एक नियम झाला. त्यानुसार वर्षातल्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची परवानगी मिळाली. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या माणसावर तेव्हा जगात कोणाकडेच उपाय नव्हता, तेव्हा सरकारची भीती खोटी होती असे म्हणता येत नाही. खोटी होती ती रीत. १८३२ च्या उन्हाळ्यात पोलीस मॅजिस्ट्रेटने कुत्री मारण्याची मुदत वाढवली. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. आठ आण्यांना त्या काळी केवढी किंमत! मारणाऱ्यांनी मोकाट आणि पाळीव हा भेदच सोडून दिला. लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीसुद्धा ओढून मारली जाऊ लागली.

पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. माणूस मरण पावल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी असा त्यांचा विधी आहे. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशीच, कोटात ही मारपीट चालू असता जमाव खवळला आणि शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. दुकाने बंद झाली, आणि हरताळात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही होते. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारे पाणी आणि पाव अडवले गेले. न्यायमूर्तींच्या गाडीवर घाण फेकली गेली. शेवटी लष्कर आले, दंग्याचा कायदा वाचून दाखवण्यात आला, धरपकड झाली. मुंबईच्या इतिहासात आधुनिक काळातला हा एक अगदी आरंभीचा दंगा, आणि तो झाला कुत्र्यांपायी!

शाळेत ही हकीकत सांगितली की मुले हसतात. मीही पूर्वी हसत असे. पण खरी शिकण्याजोगी गोष्ट दंग्याच्या नंतरची आहे. जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन सरकारकडे अर्ज केला, आणि कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर नेऊन सोडावीत अशी तडजोड निघाली. मात्र जमशेटजी तेवढ्यावर थांबले नाहीत. 'मारू नका' असे सरकारला सांगणे सोपे असते. 'मग सांभाळणार कोण?' या प्रश्नाला त्यांनी आणि अमीचंद शहा यांनी १८ ऑक्टोबर १८३४ रोजी उत्तर दिले. त्या दिवशी मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर आपणहून लाग बसवून घेतली आणि त्यातून बेवारशी जनावरांचा खर्च चालवला. भुलेश्वराच्या गर्दीत आजही तो पांजरपोळ उभा आहे. दगड मारणारा हात दोन दिवसांत थकला. भाकरी घालणारा हात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू राहिला.

यानंतरचे महत्त्वाचे साल १८७४. त्या सालात मुंबईत दोन गोष्टी घडल्या, आणि त्या एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ९ मे रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक रस्ता कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीला. कुलाब्याहून पायधुणीला जायला तीन आणे पडत. कंपनीच्या तबेल्यात शेकडो घोडी होती. माणसांनी भरलेला डबा रुळांवरून ओढत ती मुंबईच्या उन्हातान्हात धावू लागली. आणि त्याच साली याच शहरात जनावरांवरील क्रूरता रोखणारी मंडळी स्थापन झाली. एकीकडे घोड्याचे ओझे वाढत होते, तर दुसरीकडे ते ओझे मोजणारी माणसे उभी राहत होती. पुढे परळला सर दिनशा माणेकजी पेटीट यांच्या दानातून बाई साकरबाई यांच्या नावे जनावरांचे रुग्णालय उघडले, आणि १८८६ साली तिथेच पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. घोडा-कुत्र्याला डॉक्टर असू शकतो, ही गोष्ट मुंबईकरांनी तेव्हा प्रथम पाहिली असेल.

घोड्यांची ट्राम १ ऑगस्ट १९०५ रोजी शेवटची धावली, आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. त्या घोड्यांना सुटका मिळाली ती कोणाच्या दयेने नव्हे, तर विजेच्या तारेने. हे कबूल करायला थोडे लाजिरवाणे वाटते, पण इतिहासात असे पुष्कळदा झाले आहे.

कायद्याची गोष्ट यापेक्षा सावकाश चालली. इंग्रजांनी १८९० साली जनावरांच्या छळाविरुद्ध एक कायदा केला. स्वातंत्र्यानंतर तो अपुरा वाटू लागला. तेव्हा नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत स्वतःचे विधेयक आणले. सरकार स्वतःच कायदा करील, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद रुक्मिणीदेवींकडेच आले.

या कायद्याची कलमे मी एकदा कुतूहलाने वाचून काढली. तिसरे कलम मला फार आवडले. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याच्या सुखरूपतेसाठी योग्य ती सर्व काळजी घेतली पाहिजे, असे ते सांगते. मालकी कोणाची ते विचारत नाही. ताबा कोणाचा ते विचारते. बारगिराचीच गोष्ट ही! आणि अकराव्या कलमात तर आमच्या टाकावरची जोडी एकत्र आली आहे. घोड्यावर बेसुमार स्वारी करणे किंवा जनावरावर बेसुमार ओझे लादणे हा गुन्हा. आणि सदोदित साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हाही गुन्हा. जनावराला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हाच. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या आपल्या जुन्या कोड्याचे उत्तर 'न फिरवल्यामुळे' असे आहे. त्यात 'कुत्रा का बिथरला' एवढे एक चरण कायद्याने जोडले म्हणायचे.

१९६५ च्या नियमांनी तर गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांचे तासही ठरवून दिले. दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम नको, एका दमात पाच तासांपेक्षा अधिक नको, आणि जिथे पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन अजिबात नको. ओझ्याच्या तट्टावर ७० किलोंपेक्षा अधिक भार नको. कायदा असा शहाणा. मात्र दंड पाहिला की मन खट्टू होते. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! तेव्हा ती रक्कम कोणाला तरी बोचत असेल. पुढे रुपयाची किंमत घसरत गेली, आणि दंड मात्र जागच्या जागी राहिला.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचा शेवट हा याच गोष्टीचा पुढला अध्याय आहे. चौपाटीवर आणि गेटवेपाशी चंदेरी सजवलेल्या त्या गाड्यांत आपल्यापैकी अनेकजण हौसेने बसले असतील. मीही बसलो आहे. तबेल्यांची अवस्था आणि डांबरी रस्त्यावर झिजलेले खूर यांकडे आपण पाहिले नाही. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेच्या या फेऱ्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करायला सांगितले. पण त्याच निकालात घोड्यांच्या आणि गाडीवाल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही न्यायालयाने सरकारपुढे ठेवला. मला तो भाग अधिक मोलाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या लगाम धरणाऱ्या माणसाचे काम एका दिवसात सुटले, तर त्याच्या घोड्याच्या तोबऱ्यात दाणा कोठून येणार? गाडीवाला उपाशी आणि घोडा तृप्त, असे जगात कोठे होत नाही. २०२१ साली मुंबईत बिनघोड्याच्या, विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. पुन्हा एकदा वीज धावून आली!

इतके सगळे सांगितल्यावर आता स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर माझे हे सांगणे नुसते पुस्तकी ठरेल.

मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात एक बदलीवाले कुटुंब राहत असे. त्यांनी मोत्या नावाचा तांबूस कुत्रा पाळला होता. मोत्या सगळ्या वाड्याचा. मी शाळेतून आलो की तो माझ्या दप्तराचा वास घेई. एका वैशाखात त्या कुटुंबाची बदली झाली. ट्रकमध्ये कपाटे चढली, तुळशीचे वृंदावनसुद्धा चढले. मोत्या तेवढा राहिला. त्या बंद दारासमोर तो कितीतरी दिवस बसून असे. आई त्याला भाकरी घाली. मग घरमालकांनी कुरकुर केली आणि आईने हात आखडता घेतला. पावसाळ्यात त्याला खरूज झाली. दिवाळीपर्यंत तो ओळखू येईनासा झाला होता. फटाक्यांच्या आवाजाने तो जिन्याखाली लपला असताना मी धावत जाऊन तिथेच एक लवंगी टाकली. बाहेर येता येता त्याने माझ्या पोटरीला दात लावले.

सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, तो काळ. माझे दुखणे मी सांगत बसत नाही. चौथ्या दिवशी नगरपालिकेची दोन माणसे वाड्यात आली. कुत्रा कोणता, असे त्यांनी मला विचारले. मी ओट्यावर उभा राहून बोट दाखवले. मोत्या अंगणाच्या कडेला उभा होता. त्याला वाटले, मी त्यालाच बोलावतो आहे. तो शेपूट हलवत माझ्याकडे आला.

पुढले सांगायला नको.

पुष्कळ वर्षे मी समजत आलो की मोत्याला नगरपालिकेने मारले. मग वाटू लागले, त्याला टाकून जाणाऱ्यांनी मारले. आता चौथीच्या वर्गात ते पत्र सांगताना, 'तुम्हीच घोडी मारली असे होईल' या आशयापाशी आलो की माझा आवाज किंचित अडतो. सोडून जाणारे कुटुंब, कुरकुरणारे घरमालक, हात आखडणारे आम्ही, लवंगी टाकणारा मी, आणि आपल्या कामापुरते पाहणारी नगरपालिका, अशा पाच जणांनी मिळून एका कुत्र्याला पिसाट ठरवले. आणि माझा त्रास खोटा नव्हता, हेही तितकेच खरे. चावा घेतलेल्या मुलाची आई कुत्र्याची बाजू ऐकून घेत नाही, आणि तिने का घ्यावी? मोत्याला वेळच्या वेळी लस आणि भाकरी मिळाली असती, तर तो आणि मी दोघेही वाचलो असतो.

आज हा वाद सर्वत्र पेटलेला आहे. २००१ च्या आणि पुढे २०२३ च्या नियमांनी मोकाट कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करावी, त्यांना लस टोचावी आणि त्यांच्याच जागी सोडावे असे ठरवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. काही दिवसांतच तो बदलून, पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळता बाकीची लस देऊन परत सोडावीत, आणि त्यांना खायला घालण्याच्या जागा नेमून द्याव्यात असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये आणि स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवण्याचा आदेश आला. माणसाला होणारा रेबीज बहुतेक सर्व वेळा कुत्र्यामुळेच होतो, तेव्हा आईबापांची भीती रास्त आहे. मुक्या जनावराची कणव येणाऱ्यांचे मनही रास्त आहे. १८३२ मध्येही या दोन्ही गोष्टी रास्तच होत्या. फरक एवढाच, की तेव्हा लस नव्हती, आता आहे. मग उरते काय? ती टोचून घेणारा, पट्टा धरणारा, परवाना काढणारा, रस्त्यावरची घाण उचलणारा आणि बदली झाली तरी कुत्रा बरोबर नेणारा माणूस.

डोंगरावरच्या गावी सहलीला गेलो की मी आता घोडेवाल्याला दोनच प्रश्न विचारतो: घोड्याने पाणी केव्हा प्यायले, आणि खोगिराखाली पाठ सोललेली तर नाही ना? बहुतेक घोडेवाले चिडत नाहीत. उलट कोणीतरी विचारले याचे त्यांना बरे वाटते, आणि ते स्वतःच खोगीर उचलून दाखवतात. ज्याची पाठ सोललेली दिसते त्या घोड्यावर मी बसत नाही. ठरलेले पैसे मात्र देतो. शिलेदारी नाही, बारगिरी तरी नीट करावी.

मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिलेच होते. यंदा टाक घासताना मीच विषय काढला. "त्या दोघांना देव खायला घालत नाही गं," मी म्हणालो, "ज्याच्या देव्हाऱ्यात तो टाक असतो, त्यानं घालायचं असतं."

तिने टाक पुसून जागेवर ठेवला. थोड्या वेळाने पाहतो तो जिन्याखाली एक जुने गोणपाट अंथरलेले, शेजारी पाण्याचे भांडे. "फटाके वाजायला लागले की गल्लीतली कुत्री इथं येतात बाबा," ती म्हणाली, "या वर्षी त्यांना कोणी हाकलायचं नाही."

मी होकार दिला, आणि तिचा हात धरून गल्लीतल्या कुत्र्यांना लस कोण टोचतो ते विचारायला नगरपालिकेच्या दवाखान्याकडे निघालो.